हान्यू गेला, उडी राहिली

सातारा जिल्ह्यात नैसर्गिक बर्फ बघायचा म्हटलं तर थंडीच्या दिवसांत पहाटे महाबळेश्वरला वेण्णा लेकवर जावं लागतं. कडाक्याच्या थंडीत तिथे गवतावरचं, गाड्यांच्या टपावरचं दव गोठतं. लोक ते बोटांनी खरवडून बघतात, फोटो काढतात आणि ऊन वर आलं की सगळं विरघळून जातं. अशा जिल्ह्यात वाढणारी माझी पुतणी सई फिगर स्केटिंगच्या पायी वेडी झाली आहे. ती स्वतः चाकांच्या स्केट्सवर, सिमेंटच्या कोर्टवर शिकते. बर्फावरचं स्केटिंग तिने फक्त मोबाइलवर पाहिलंय. एका संध्याकाळी तिने मला विचारलं, "काका, हान्यू आता स्पर्धेत उतरत नाही, नेथन चेन नाही, शोमा उनोही थांबला. मग आता बघायचं कुणाला?"

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे माझं उत्तर उडीपासून सुरू झालं. पण ते शेवटी गोळेश्वरला जाऊन पोचलं. कसं, ते सांगतो.

युझुरू हान्यू हा जपानमधल्या सेंदाईचा मुलगा. २०१४ ला सोची आणि २०१८ ला प्याँगचांग अशी सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याने मिळवली. पुरुषांमध्ये असं त्याआधी अमेरिकेच्या डिक बटनने १९४८ आणि १९५२ साली केलं होतं, म्हणजे मध्ये ६६ वर्षं गेली. हान्यूला मात्र एक गोष्ट साधायची राहिली होती: चार गिरक्यांचा ॲक्सेल हा उडीचा प्रकार. २०२२ च्या फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने तो टाकला आणि तो पडला. शेवटचा फेरा पुरा झाला नव्हता. तरी अधिकृत स्पर्धेत चार गिरक्यांचा ॲक्सेल म्हणून नोंद झालेली ती पहिली उडी. तो चौथा आला. १९ जुलैला त्याने स्पर्धात्मक स्केटिंग थांबवत असल्याचं जाहीर केलं.

त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते. १४ सप्टेंबर २०२२ ला अमेरिकेत लेक प्लॅसिडला एका सतरा वर्षांच्या मुलाने तीच उडी मारली आणि तो एका पायावर सरळ उभा राहिला. त्याचं नाव इलिया मॅलिनिन. हान्यूच्या प्रयत्नामुळे आपल्याला हे करून बघावंसं वाटलं, असं त्याने सांगितलं.

ॲक्सेल हे नाव नॉर्वेच्या ॲक्सेल पॉल्सेनवरून पडलं. त्याने १८८२ साली व्हिएन्नात ती उडी पहिल्यांदा दाखवली. बाकीच्या सगळ्या मुख्य उड्या पाठमोरं सरकत घेतल्या जातात आणि पाठमोऱ्याच उतरवल्या जातात. ॲक्सेल मात्र समोर तोंड करून घ्यायचा आणि उतरायचं पाठमोरं. म्हणून यात अर्धा फेरा जादा असतो: चार गिरक्यांचा ॲक्सेल म्हणजे प्रत्यक्षात साडेचार फेरे.

आता हिशेब करू. उत्तम स्केटर अशा उडीत हवेत साधारण ०.७ सेकंद असतो. डोळ्याची उघडझाप दोनदा व्हावी एवढाच वेळ. किती वेळ हवेत आहे हे कळलं की उंची काढता येते, कारण गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच खाली ओढतं. वेळेचा वर्ग करायचा, ९.८ ने गुणायचं, ८ ने भागायचं. ०.७ सेकंदाला उंची येते साधारण ६० सेंटिमीटर. साडेचारपैकी थोडा फेरा बुटाखालचं पातं बर्फ सोडण्याआधीच वळून झालेला असतो, थोडा उतरताना जातो. धरून चालू की हवेत चार फेरे पडतात. ०.७ सेकंदात चार म्हणजे सेकंदाला पावणेसहा, मिनिटाच्या हिशेबाने ३४० च्या आसपास. आपल्या डोक्यावरचा सीलिंग फॅन पूर्ण वेगात मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो. सईला मी पंखा पाचवर करून दाखवला. ती बराच वेळ वर बघत राहिली. माणूस तेवढ्या वेगाने फिरतो आणि मग चार मिलिमीटर जाडीच्या एका पात्यावर उतरतो, तेही अंगाच्या वजनाच्या पाच ते आठ पट दाब एका पायावर घेऊन.

हा वेग येतो कुठून? मंगळागौरीची फुगडी आठवा. दोघी हात लांब ताणून मागे झुकल्या की फुगडी डौलात फिरते. फिरता फिरता एकमेकींच्या जवळ आल्या तर जोर न लावताही वेग वाढतो. शास्त्रात याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. वस्तुमान अक्षापासून जितकं लांब, तितका फिरण्याला विरोध जास्त, आणि हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. स्केटर बर्फ सोडताना हात आणि मोकळा पाय पसरून फिरकी कमावतो, मग हात छातीशी आवळून, पायांची आढी घालून शरीराची काठी करतो. यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की पातं सुटलं की संवेगात भर घालता येत नाही. जे काही मिळवायचं ते पाय बर्फावर असताना, पात्याच्या कडेवर दाब देताना. हवेत फक्त ते खर्च करायचं.

मग पाच गिरक्या का नाहीत? हवेतली वेळ दहा टक्क्यांनी वाढवायची तर उंची २१ टक्क्यांनी वाढवावी लागते. म्हणजे ६० सेंटिमीटरची उडी ७३ वर न्यायची, तीही फिरकीला लागणारा जोर कमी न करता. पायांतला जोर मोजकाच असतो. थोडा उंचीला द्यायचा, थोडा फिरकीला. दोन गिरक्यांचा ॲक्सेल डिक बटनने १९४८ साली दाखवला, तीन गिरक्यांचा कॅनडाच्या व्हर्न टेलरने १९७८ साली आणि चारचा मॅलिनिनने २०२२ साली. शेवटच्या एका गिरकीला ४४ वर्षं लागली.

हा ४४ चा आकडा लक्षात राहू द्या.

सईचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता: "मग मुलींमध्ये क्वाड कमी का झाले?" क्वाड म्हणजे चार गिरक्यांची उडी. तिचं निरीक्षण बरोबर आहे. २०२२ पर्यंत रशियाच्या किशोरवयीन मुली चार गिरक्यांच्या उड्यांचा धडाका लावत होत्या. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंद झाल्या, आणि वरिष्ठ गटासाठीची किमान वयाची अट १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेली गेली. रशियन मुली नसताना २०२२, २०२३ आणि २०२४ असं तीनदा जगज्जेतेपद मिळालं जपानच्या काओरी साकामोतोला. तिच्याकडे क्वाड नव्हता, तीन गिरक्यांचा ॲक्सेलही नव्हता. तिच्याकडे होता वेग, आणि बर्फाचं अख्खं मैदान दोन-चार ढकल्यांत पार करणारी लांब सरक.

वयाचा यात काय संबंध, हे गणितानेच कळतं. १४५ सेंटिमीटरची मुलगी १६० ची झाली, म्हणजे उंची साधारण दहा टक्के वाढली. अंगाचा आकार सगळीकडून त्याच प्रमाणात वाढला असं समजलं तर वजन ३३ टक्क्यांनी वाढतं, कारण ते उंचीच्या घनाप्रमाणे जातं. स्नायूंची ताकद त्यांच्या जाडीवर, म्हणजे वर्गावर अवलंबून. ती वाढते २१ टक्के. आणि फिरण्याला होणारा विरोध? तो उंचीच्या पाचव्या घातावर जातो: ६१ टक्के जास्त. ताकद २१ ने वाढली, विरोध ६१ ने. तेरा वर्षांच्या मुलीला सहज जमलेली उडी सोळाव्या वर्षी हातून जाते, त्यात तिची काहीच चूक नसते. कित्येक मुलींना याच वयात "हिची जिद्द संपली" असं ऐकावं लागलं असेल, याचं मला फार वाईट वाटतं.

अमेरिकेच्या अलिसा लिऊची गोष्ट म्हणूनच मला धीर देते. तेराव्या वर्षी ती तीन गिरक्यांचे ॲक्सेल मारून राष्ट्रीय विजेती झाली. सोळाव्या वर्षी तिने खेळच सोडला. दोन वर्षांनी, मोठी होऊन, ती परत आली आणि मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला जगज्जेती झाली. तेही तीन गिरक्यांच्या ॲक्सेलशिवाय.

आता गोळेश्वर. कराडला लागून असलेलं हे खाशाबा जाधवांचं गाव. त्यांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान, तेच खाशाबांचे पहिले वस्ताद. खाशाबा वाढले तालमीतल्या तांबड्या मातीत. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर लढून ते सहावे आले. १९५२ च्या उन्हाळ्यात हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑस्लोला डिक बटनने स्पर्धेतली पहिली तीन गिरक्यांची उडी मारून दुसरं सुवर्ण घेतलं होतं.

बटन त्यानंतर स्पर्धेतून बाहेर पडला. अमेरिकेचं काय झालं? १९५६ ला हेस जेनकिन्सने सुवर्ण जिंकलं, १९६० ला त्याच्या धाकट्या भावाने, डेव्हिडने. खाशाबांनंतर आपल्याकडे काय झालं? पुढचं वैयक्तिक पदक आलं १९९६ ला, टेनिसमधून, लिअँडर पेसचं. ४४ वर्षांनी. कुस्तीतलं पुढचं पदक तर २००८ ला सुशील कुमारचं, ५६ वर्षांनी. या काळात आपल्या भागात पैलवान कमी झाले होते का? मुळीच नाही. गावोगावी तालमी होत्या, जत्रांची मैदानं भरत होती. कमी होतं ते खाशाबांना मॅटवर उमगलेलं पुढच्या पोरांपर्यंत पोचवणारं काही. मॅट नव्हते, मॅटवरचे वस्ताद नव्हते, आणि खाशाबा स्वतः पुढे पोलिस खात्यात नोकरी करत राहिले.

खेळाडू आणि वस्ताद दोन्ही एकदम गेले तर काय होतं, याचा एक भयंकर दाखला फिगर स्केटिंगच्या इतिहासातच आहे. १५ फेब्रुवारी १९६१ ला प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेल्या अमेरिकन संघाचं विमान ब्रुसेल्सजवळ कोसळलं. संघातले सगळे अठरा खेळाडू गेले, त्यांच्यासोबत प्रशिक्षक, अधिकारी आणि घरची माणसंही. त्या वर्षीची जागतिक स्पर्धाच रद्द झाली. पेगी फ्लेमिंग तेव्हा बारा वर्षांची होती. तिचे प्रशिक्षक त्याच विमानात होते. मग इटलीहून कार्लो फासी अमेरिकेत शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार होऊन पेगीने १९६८ ला सुवर्ण जिंकलं. पुरुषांमध्ये १९४८ पासून सलग चार ऑलिंपिक सुवर्णं घेतलेल्या देशाला पाचव्यासाठी मात्र १९८४ च्या स्कॉट हॅमिल्टनची वाट बघावी लागली.

म्हणून हान्यूच्या जाण्याकडे मी या डोळ्यांनी बघतो. मॅलिनिनचे आई-वडील, तात्याना मालिनिना आणि रोमान स्कोर्न्याकोव्ह, दोघेही उझबेकिस्तानकडून ऑलिंपिक खेळलेले स्केटर आणि त्याचे प्रशिक्षक. बीजिंगला रौप्य मिळवणाऱ्या युमा कागियामाचे वडील स्वतः दोन ऑलिंपिक खेळलेले, तेच त्याला शिकवतात. हान्यूचे प्रशिक्षक ब्रायन ऑर्सर १९८४ आणि १९८८ चे रौप्यविजेते. ही सरळसरळ तालीम आहे, फक्त बर्फावरची. शब्दांत न मावणारं ज्ञान, म्हणजे कड नेमकी कधी सोडायची आणि खांदा किती रोखायचा, हाताला धरूनच पुढे जातं.

तरीही सगळं पुढे जात नाही, हेही सईला सांगायला हवं होतं. २०२४ च्या मार्चमध्ये माँट्रियालला मॅलिनिनने फ्री स्केटमध्ये (स्पर्धेतला दुसरा, लांब भाग) सहा क्वाड मारून २२७.७९ गुणांचा विक्रम केला. तरी त्याची एकूण बेरीज ३३३.७६ झाली आणि अमेरिकेच्याच नेथन चेनची २०१९ ची ३३५.३० वरच राहिली. आणि हान्यू उतरल्यावर संगीताची पुढची लकेर जणू त्याच्या हातातून निघायची, ते मला आकड्यांत कुठेच सापडत नाही. परीक्षक सादरीकरणाचे गुण देतात, पण त्या हातांसाठी वेगळा रकाना नाही. त्याची आठवण येत असेल तर येऊ दे, असं मी तिला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिच्या क्लासला गेलो. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम्स घेता येतात. सईने उडी मारली. चाकं सिमेंट सोडतात तिथपासून परत टेकतात तिथपर्यंत फ्रेम्स मोजल्या, ९६ भरल्या. म्हणजे ०.४ सेकंद, जवळपास २० सेंटिमीटर. एवढ्यात तिचा फेरा एकच पडत होता, तोही उतरताना डगमगत. तिच्या सरांनी फोन हातात घेतला, तेच दृश्य चारदा पुढे-मागे केलं आणि म्हणाले, "हात उशिरा आवळतेस तू. वर गेल्यावर नाही, निघतानाच."

तिने पुन्हा मारली. ९८ फ्रेम्स. सरांनी वहीत तिच्या नावापुढे आकडा लिहिला, आणि रांगेतल्या पुढच्या मुलीला हाक मारली.