ध्रुवतारा सगळ्यांत तेजस्वी? छे!

संध्याकाळी गोव्यातल्या मिरामार किनाऱ्याच्या वाळूत उभं राहून पश्चिमेला लखलखणाऱ्या ठिपक्याकडे बोट दाखवत कुणीतरी पोरांना हमखास सांगतं, ‘तो बघ ध्रुव, सगळ्यांत तेजस्वी तारा!’ तो असतो शुक्र. तारा नव्हे, ग्रह. आणि दिशाही चुकलेली.

ध्रुव उत्तरेला. मिरामारहून म्हणजे साधारण मांडवीपलीकडच्या रेईश मागूशच्या बाजूला. तेजस्वितेच्या यादीत त्याचा नंबर चाळिसाच्याही पुढे लागतो. व्याध त्याच्याहून वीसेक पट उजळ दिसतो. ध्रुवाचं नाव झालं ते जागेमुळे. पृथ्वीचा अक्ष जवळजवळ त्याच्याकडे रोखलेला, त्यामुळे बाकीचे तारे फिरतात आणि हा जागचा हलत नाही असं वाटतं. हलतो, पण अर्ध्या-पाऊण अंशाच्या इवल्या वर्तुळात. पाठ्यपुस्तकातलं ‘अढळपद’ही तात्पुरतंच: पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक घेर घेतो आणि आणखी बारा हजार वर्षांनी ध्रुवाचा मान अभिजित ताऱ्याकडे जाईल.

गोव्यात आणखी एक पंचाईत. जेवढा अक्षांश, तेवढीच ध्रुवाची उंची. आपला अक्षांश साडेपंधरा अंशांच्या आसपास, म्हणजे हात लांब करून क्षितिजावर दीड मूठ (एक मूठ साधारण दहा अंशांची) मोजली की संपलं. तिथे समुद्राची धूसर हवा आणि पर्वरीचे दिवे. एप्रिल-मे महिन्यांत रात्री सप्तर्षी वर असतात, तेव्हा त्यांच्या चौकोनातल्या, शेपटीपासून लांबच्या दोन ताऱ्यांची पुलह ते क्रतू ही रेघ त्याच दिशेने पाचपट वाढवा. पोहोचाल तिथे एक मध्यम, एकटा तारा दिसेल. तोच.