तीन पत्ती

तीन पत्ती हा जोकर काढून ठेवलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटवर, साधारण ३ ते ६ जणांनी खेळायचा, पैज लावायचा खेळ. प्रत्येकाला तीनच पत्ते मिळतात, बदलून घ्यायचे नाहीत, नवीन उचलायचे नाहीत, वाटले तेवढ्यावरच भागवायचं. जिंकायचे रस्ते दोन. एकतर शेवटी शो झाल्यावर, म्हणजे पत्ते उघडल्यावर, ज्याचे पत्ते मोठे तो, नाहीतर बाकी सगळ्यांनी पॅक केल्यावर, म्हणजे डाव सोडल्यावर, जो उरला तो, मग त्याच्याकडे काहीही असो. मराठवाड्यात यालाच तिर्रट म्हणतात, पोलिसांच्या बातम्यांत बऱ्याचदा तीन पानी असतं, कोर्टाच्या कागदांत फ्लश. पुण्यात सरळ तीन पत्ती. मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन येणाऱ्याला पत्त्यांचे भाव नव्याने शिकावे लागत नाहीत, पण हुकूम आणि हात करणं डोक्यातून काढून टाकावं लागतं कारण इथे दोन्ही नाहीत.

उगम

इथे मतं तीन आहेत आणि तिन्हींना सारखं वजन देता येत नाही.

पहिलं मत म्हणजे हा आपलाच जुना खेळ, गंजिफ्यातून, म्हणजे रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या जुन्या खेळातून, आलेला. गंजिफा आपल्याकडे जुना आहे यात वाद नाही, बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हुसेन अर्घूनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे, आणि सावंतवाडीचा १२० पानांचा दशावतारी गंजिफा आजही रंगवला जातो. पण गंजिफा हा हात करायचा खेळ आहे, मोठं पान टाकून समोरच्याचं पान जिंकायचं. त्यात पत्ते झाकून ठेवून पैज वाढवत नेणं नाही, जोडी नाही, सिक्वेन्स नाही. पत्ते आणि जुगार एवढ्या दोन गोष्टींवर नातं जोडायचं तर मग फाशांशीही जोडता येईल, आणि तसं जोडलंही जातं, ऋग्वेदातल्या अक्षसूक्तापासून (१०.३४) सुरुवात करून. ते जुगाराच्या इतिहासात बसतं, या खेळाच्या नाही.

दुसरं मत पोकरचं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला २० पत्त्यांवर पोकर सुरू झाला, पुढे ५२ वर गेला, आणि तीन पत्ती म्हणजे त्याचीच छोटी आवृत्ती असं बरेच जण धरून चालतात. या वादाला आणखी एक फाटा आहे, पोकर स्वतःच इराणच्या आस-नास खेळातून आला असं पत्त्यांच्या खेळांवर लिहिणाऱ्या आर. एफ. फॉस्टर यांनी विसाव्या शतकात ठासून लिहिलं आणि ते पुढे कितीतरी पुस्तकांत जसंच्या तसं उतरलं. डेव्हिड पार्लेट यांच्यासारखे नंतरचे अभ्यासक ते मानत नाहीत, फ्रेंच पोक आणि जर्मन पोखन यांच्याकडे जास्त बघतात. पण पोकर कुठूनही आलेला असो, तीन पत्तीच्या उगमाला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण तीन पत्तीचे खास नियम पोकरमध्ये सापडतच नाहीत.

ते सापडतात ब्रॅगमध्ये. ब्रॅग हा इंग्रजांचा तीन पत्त्यांचा खेळ, सोळाव्या शतकातला प्रायमेरो आणि सतराव्या शतकातला पोस्ट अँड पेअर यांच्या घराण्यातला, अठराव्या शतकात इतका चालायचा की पत्त्यांच्या खेळांवर लिहिणाऱ्या एडमंड हॉइल यांनी १७५१ साली त्याच्यावर वेगळी पुस्तिका काढली. आता नियम शेजारी शेजारी ठेवून बघा. पत्ते न बघता खेळणाऱ्याने अर्धेच पैसे टाकायचे, हे ब्रॅगमध्ये आहे. शो फक्त दोघंच उरल्यावर, तेही आहे. शो झाला आणि पत्ते सारखेच निघाले तर ज्याने पैसे भरून शो मागितला तोच हरतो, हेही. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे बघून खेळणाऱ्याला ब्लाईंडवाल्याकडे, म्हणजे न बघता खेळणाऱ्याकडे, शो मागता येत नाही, हा विचित्र नियम दोन्हीकडे अगदी तोच आहे. एखादा नियम योगायोगाने जुळला असता, चार चार जुळत नाहीत. तेव्हा ब्रॅगचं मत बाकी दोन्हींपेक्षा जड आहे असंच म्हणावं लागतं.

हा खेळ इकडे आला कसा, तर बहुधा गोऱ्या पलटणींबरोबर, छावण्या आणि क्लबांतून, साधारण एकोणिसाव्या शतकात. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यात कॅम्प वसला, तेव्हा पुण्याचं नाव या संदर्भात घेतलं जाणं साहजिक आहे, पण मुंबई, कलकत्ता, मद्रास इथल्या छावण्या जुन्या आणि त्यांचा हक्क आधीचा. साईड शो, म्हणजे डाव चालू असताना मागच्या खेळाडूशी पत्ते ताडून बघणं, मात्र ब्रॅगमध्ये नाही, ती भर इकडचीच दिसते.

पत्त्यांची उतरंड

सगळ्यात वर ट्रेल म्हणजे एकाच किमतीचे तीन पत्ते, मग प्युअर सिक्वेन्स म्हणजे एकाच रंगाचे (सगळे इस्पिक, सगळे बदाम असे) ओळीने तीन, मग साधा सिक्वेन्स म्हणजे ओळीने पण एकाच रंगाचे नसलेले, मग कलर म्हणजे एकाच रंगाचे पण ओळीने नसलेले, मग जोडी, आणि यातलं काहीच नसेल तर मोठा पत्ता. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांत लहानमोठं काही नाही. एक्का सगळ्यात मोठा, दुर्री सगळ्यात लहान.

पोकर खेळून आलेला माणूस इथे पहिल्याच डावात गडबडतो, कारण पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर असतो आणि इथे खाली. कारण साधं गणित आहे. ५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात, त्यात साधा सिक्वेन्स ७२० वेळा आणि कलर १,०९६ वेळा. पोकरच्या पाच पत्त्यांत हे उलटं होतं, तिथे कलर जास्त दुर्मिळ. म्हणजे दोन्ही खेळ आपापल्या जागी बरोबर आहेत.

पण मग ट्रेलचं काय. ट्रेल येतात ५२ प्रकारे आणि प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे, म्हणजे साधारण ४२५ डावांत एकदा ट्रेल आणि ४६० डावांत एकदा प्युअर सिक्वेन्स. दुर्मिळतेच्या हिशोबाने प्युअर सिक्वेन्स वर पाहिजे. डेरेक वेब यांनी १९९४ मध्ये कॅसिनोसाठी थ्री कार्ड पोकर बांधला तेव्हा त्यांनी तेच केलं, तिथे प्युअर सिक्वेन्स ट्रेलला मारतो. तीन पत्तीत तसं नाही याचं कारण पुन्हा ब्रॅगमध्येच असावं. जुन्या ब्रॅगमध्ये जोडी आणि ट्रेल एवढेच मानाचे पत्ते होते, सिक्वेन्स आणि कलर नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या सुमाराला घुसले, आणि आधीच माथ्यावर बसलेल्या ट्रेलला कुणी उठवलं नाही. थोडक्यात हा गणिताचा नाही, वहिवाटीचा निकाल आहे.

तसाच भांडणाचा दुसरा विषय एक्का-दुर्री-तिर्री. बहुतेक ठिकाणी एक्का-राजा-राणी पहिला आणि एक्का-दुर्री-तिर्री दुसरा सिक्वेन्स धरतात, काही घरांत एक्का-दुर्री-तिर्रीच सगळ्यात मोठा, क्वचित कुठे सगळ्यात लहान. ब्रॅगमध्ये तो सगळ्यात मोठा आहे, त्यामुळे ज्या घरांत हा जुना क्रम टिकलाय त्यांना चुकीचं म्हणता येणार नाही, फक्त पत्ते वाटायच्या आधी ठरवून घ्यावं. उरलेलं सोपं आहे: ३,७४४ प्रकारच्या जोड्या आणि १६,४४० वेळा नुसता मोठा पत्ता. चारातल्या तीन वेळा आपल्याकडे काहीच नसतं.

खेळ

सगळ्यांनी ठरलेला बूट, म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधीचे पैसे, टाकायचा, समजा १० रुपये. पत्ते पिसून, कापून एकेक करत तीन वाटायचे, वाटणाऱ्याच्या डावीकडच्यापासून चाल सुरू. पत्ते न उचलता खेळला तर ब्लाईंड, उचलून बघितले तर सीन. चालू भाव १० असेल तर ब्लाईंडवाला १० ते २० टाकू शकतो, सीनवाल्याला २० ते ४० टाकावे लागतात. सीनवाल्याने ४० टाकले तर पुढच्यासाठी भाव २० धरायचा, म्हणजे सीनची चाल नेहमी निम्मी करून मोजायची. नवशिका अडखळतो तो इथेच, बाकी कुठे नाही.

साईड शो सीनवाल्याने आपली चाल टाकल्यावर लगेच मागच्या खेळाडूकडे मागायचा, तोही सीन असला तरच. "काका, साईड?" "नाही देत." एवढ्यावर विषय संपतो, नकार द्यायचा हक्क आहे. दिला तर दोघांनीच एकमेकांचे पत्ते बघायचे, लहान पत्तेवाल्याने मुकाट पॅक करायचं, आणि सारखे निघाले तर मागणाऱ्याने. शेवटचे दोघं उरले की शो. ब्लाईंडवाल्याला शो चालू भावात पडतो, सीनवाल्याला दुप्पट, आणि समोरचा ब्लाईंड असेल तर सीनवाल्याला शो नाहीच, चाल देत राहा किंवा पॅक करा.

डावपेच

सुप्रीम कोर्टाने काहीही म्हटलेलं असो (ते खाली आहे), थोडं गणित आलं तर पैसे कमी जातात. सगळ्या शक्य पत्त्यांची उतरंड लावली तर बरोबर मध्यावर राजा-दश्शी-दुर्री येते. राजा-नव्वी-अठ्ठी आणि त्याखालचे मिळून ११,०४० प्रकार होतात, म्हणजे निम्म्याला दहाच कमी. तेव्हा समोर एकच ब्लाईंडवाला असेल आणि आपल्याकडे राजा-दश्शी किंवा वरचं असेल तर आपण किंचित का होईना पुढे आहोत. पण किंचितच, आणि आपण दुप्पट भरतोय, तो अर्ध्यात, शिवाय शो कधी करायचा ते त्याच्या हातात. म्हणून राजावर ब्लाईंडवाल्याशी लांब लढत बसू नये, निदान एक्का मोठ्या जोडीदारासकट किंवा जोडी हवी.

माणसं वाढली की चित्र पालटतं. पाच जण समोर असतील तर त्यातल्या निदान एकाकडे जोडी किंवा वरचं असण्याची शक्यता पाऊणच्या वर जाते. दश्शीची जोडी एका माणसासमोर भक्कम आहे, तिला मारणारे पत्ते १४ टक्क्यांच्या आसपास, पण पाच जणांनी शेवटपर्यंत पत्ते धरले तर निम्म्याच्या आसपास वेळा कुणीतरी तिच्या वर असतंच. अशी मधली जोडी साईड शोसाठी सगळ्यात योग्य, कारण भाव चढायच्या आधी स्वस्तात कळतं. ट्रेल किंवा प्युअर सिक्वेन्स असताना साईड मागणं म्हणजे गिऱ्हाईक घालवणं. पहिल्या दोन फेऱ्या ब्लाईंड खेळण्यात अर्थ आहे, आपला एक रुपया समोरच्या बघणाऱ्याला दोन रुपयांना पडतो, पण सगळेच ब्लाईंड असतील तर तो फायदा उरत नाही, मग ते नुसतं पॉट, म्हणजे मधला पैशांचा ढीग, फुगवणं. बाकी ब्लफ वगैरे माणूस बघून, त्याचं गणित देता येत नाही.

पुण्यात

दिवाळीत बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे आणि शिव-पार्वतीच्या फाशांची कथा तिला जोडलेली आहे, त्या आधारावर एरवी पत्त्यांना हात न लावू देणारी घरंसुद्धा पाडव्याला बसतात. पेठांतल्या घरांत चिंचोके किंवा काड्यापेटीतल्या काड्या लावून, सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये नोटा लावून. गणपतीत मांडवामागे मूर्तीच्या राखणीला जागणारी पोरं, लग्नाच्या आदल्या रात्री कार्यालयात अडकलेलं वऱ्हाड, आणि हॉस्टेल, हे बाकीचे नेहमीचे अड्डे.

कायदा

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, कलम ४ अड्डा चालवणाऱ्यासाठी, कलम ५ तिथे सापडणाऱ्यासाठी, कलम १२ उघड्यावर खेळणाऱ्यासाठी. कलम १३ ने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या निकालात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना तीन पत्त्यांचा खेळ, जो फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालतो, तो निव्वळ नशिबाचा असं म्हटलं. निव्वळ हा शब्द वरचं गणित बघता जरा जास्तच आहे, तरी कायदा तोच. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर पैसे लावून ऑनलाइन खेळणं, कौशल्य असो की नशीब, सरसकट बंद केलं.

प्रकार

मुफलिसमध्ये सगळ्यात लहान पत्ते जिंकतात, एक्का मोठाच धरला तर दुर्री-तिर्री-पंजी वेगवेगळ्या रंगांत आली की डाव मारला. ९९९ मध्ये तीन आकडे जुळवून ९९९ च्या जवळ जायचं. एके ४७ मध्ये सगळे एक्के, राजे, चव्व्या आणि सत्त्या जोकर, म्हणजे ५२ पैकी १६ पत्ते, आणि त्यात दोन जोकर आले की ट्रेल झालाच. मोजून बघितलं तर ट्रेल ५,७८० प्रकारे होतो, चारात एकाहून जास्त वेळा, आणि जोडी किंवा वरचं तर तीनातल्या दोन वेळांच्या वर असतं. साध्या खेळात जिच्यावर आपण दोन चाली दिल्या असत्या ती छक्कीची जोडी एके ४७ मध्ये बघताक्षणी पॅक करायची.