गाडी अंगाला लागली नाही, तरी दावा होतो: मोटार अपघात न्यायाधिकरणातला अर्ज

“गाडी लागलीच नाही, मग दावा कसला?” असं पोलीस ठाण्यातही सांगतात आणि नात्यातलेही. घरचे ते खरं मानून अर्जच करत नाहीत. टेम्पोने अचानक आडवं घातलं, त्याला चुकवताना दुचाकी दुभाजकावर आदळली. किंवा धडकेतून माणूस वाचला, घरी आला आणि चाळीस दिवसांनी जंतुसंसर्गाने गेला. दोन्हींत दावा बसू शकतो.

मोटार वाहन कायद्यात ‘वाहनाच्या वापरातून उद्भवलेला’ अपघात म्हटलंय. १९८७ साली राष्ट्रीय महामार्ग ४ वर टँकर उलटला, पेट्रोल सांडलं आणि सुमारे चार तासांनी स्फोट होऊन जमलेली माणसं भाजून गेली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मृत्यूही वाहनाच्या वापरातूनच उद्भवल्याचं मानलं. फौजदारी खटल्याचं माप कडक असतं: भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली मृत्यू हा चालकाच्या हयगयीचा थेट परिणाम असल्याचं निःसंशय सिद्ध व्हावं लागतं. भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण फक्त पुराव्याचं पारडं कुठे झुकतं ते पाहतं. म्हणून चालक निर्दोष सुटला तरी दावा सोडू नका.

अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, वारसांनी मिळून करायचा. जो सही करत नाही त्याला प्रतिवादी करायचं. अपघात जिथे झाला किंवा तुम्ही जिथे राहता, तिथे चालतो. एफआयआर, पंचनामे, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, गाडीचा विमा, वय आणि उत्पन्नाचे पुरावे लागतात.

खरी अडचण एफआयआरमधल्या एका ओळीची. मध्यरात्री हॉस्पिटलच्या बाकावर भाऊ जबाब देतो आणि कागदावर येतं, ‘स्वतःच्या चुकीने गाडी स्लिप होऊन’. टेम्पोचा उल्लेखच नाही. पुढे विमा कंपनीचा वकील हीच ओळ वाचून दाखवतो. धक्क्याने भान हरपलेल्या भावाकडून सही घेण्याची एवढी घाई कशासाठी? असं झालं असेल तर लगेच पुरवणी जबाब द्या, ज्यांनी पाहिलं त्यांचे जबाब नोंदवायला लावा, सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्याच दिवसांत करा. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे द्या आणि पोच घ्या. गाडीचा नंबर मिळालाच नाही तर कलम १६१ च्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. तो अर्ज महसूल खात्याकडे, बहुधा प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो.

दुसरा कागद, म्हणजे पीएम रिपोर्ट, कुणाकडेच नसतो. घरीच मृत्यू झालेल्या माणसाचं शवविच्छेदन करायचं कुणाला सुचत नाही, आणि त्यात घरच्यांचा दोष नाही. पण मग हातात उरतो मृत्यूचा दाखला, ज्यावर कारण छापलेलंच नसतं. अपघातातल्या जखमेवर उपचार चालू असताना माणूस गेला, तर अंत्यविधीआधी ठाण्यात कळवा. वेळ निघून गेली असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी मत घ्या: जखम कोणती, संसर्ग कुठून, मृत्यू त्यानेच का. नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडून’ चालत नाही. अपघातापासूनचे केसपेपर तारखेनुसार लावा. मधला एक महिना कोरा दिसला की अपघात आणि मृत्यूमधला दुवा तिथेच तुटला म्हणतात.

मुदत सहा महिन्यांची, आणि ती अपघाताच्या दिवसापासून. मृत्यूच्या नव्हे, एफआयआरच्याही नव्हे. चार महिने अंथरुणाला खिळून माणूस गेला, तर वारसांच्या हाती दोनच महिने राहतात. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. पोलीस त्यांचा अहवाल न्यायाधिकरणाला पाठवतात हे खरं, पण त्या अहवालात टेम्पोच नसेल तर तो तुमच्या काय कामाचा?

आणि सहीआधी थांबा. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख रुपये मिळतात. विमा कंपनीने देऊ केलेली ही रक्कम घेतली की कलम १६६ चा अर्ज संपतो. कमावता तरुण गेला असेल तर तिथली भरपाई याच्या कितीतरी पट होऊ शकते. कागद आधी वकिलाला दाखवा. अर्जदार स्त्री असेल तर उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.