ऑइल नाही, मग सर्व्हिसिंग कशाचं?

पेट्रोलच्या स्कूटरचं जॉब कार्ड काढून बघा. निम्म्या ओळी इंजिनाच्याच असतात: ऑइल बदललं, एअर फिल्टर साफ केला, स्पार्क प्लग नवा टाकला, व्हॉल्व्ह सेट केले. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये यातलं काहीच नसतं. म्हणून तर शोरूमवाला ‘सर, मेंटेनन्स झीरो’ असं छातीठोकपणे सांगतो. आणि तरीही काही महिन्यांत सर्व्हिसिंगचा मेसेज येतोच.

सर्व्हिस सेंटरमध्ये होणारी कामं वायफळ नसतात. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, बेअरिंग कुठल्याही दुचाकीला असतात आणि झिजतातही. पण गाडीतला सर्वांत महाग भाग म्हणजे बॅटरी, आणि तिच्यासाठी तिथला मेकॅनिक फारसं काही करू शकत नाही. तिची निगा राखायची जागा म्हणजे आपल्या घरचा प्लग आणि आपलं पार्किंग.

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, सोनी कंपनीमार्फत. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चार्जिंग सुरू असताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात, आणि गाडी चालली की तिथून निघून पलीकडच्या टोकाला परततात. ये-जा चालू राहिली तर बॅटरी कायम टिकायला हरकत नव्हती. अडचण ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर आहे. तिथे बॅटरीतला द्रव थोडाथोडा विघटित होतो आणि एक पातळ साय धरते. ही साय हवीच, कारण तिच्यामुळेच पुढचं विघटन मंदावतं. पण ती वर्षानुवर्षं जाड होत राहते, आणि तिच्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. गाडी नवी असताना मिळणारी रेंज तीन-चार वर्षांनी मिळत नाही, त्याचं मोठं कारण हे.

ही साय कशाने वाढते? उष्णतेने आणि भरलेपणाने. रासायनिक क्रियांचा ढोबळ हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. त्यात बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर आतला व्होल्टेज वरच्या टोकाला असतो आणि विघटनाला आणखी जोर चढतो. म्हणजे मे महिन्यात अकोल्याला किंवा जळगावला, पत्र्याच्या शेडखाली, फुल चार्ज केलेली गाडी दुपारभर उभी ठेवणं हा बॅटरी म्हातारी करण्याचा खात्रीचा उपाय. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावण्याऐवजी अर्धा-पाऊण तास गार होऊ द्यावी. रात्री चार्ज करून सकाळी निघायचं असेल तर चांगलंच. आणि रोजचं जाणं-येणं वीस-पंचवीस किलोमीटरचं असेल तर दररोज १०० टक्क्यांचा हट्ट कशाला? ८०-९० टक्क्यांवर काढली तरी भागतं.

हा सल्ला सरसकट मात्र नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. वर सांगितलं ते मुख्यतः निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या, म्हणजे एनएमसी बॅटरीला लागू. काही गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी बॅटरी असते. ती उष्णतेला जास्त दाद देत नाही आणि टिकतेही जास्त, पण तिची एक खोड आहे. चार्ज कमी होत गेला तरी तिच्या सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात ३.२-३.३ व्होल्टच्या आसपासच रेंगाळतो. त्यामुळे व्होल्टेज बघून किती टक्के उरले ते ओळखता येत नाही. आतलं नियंत्रण सर्किट, म्हणजे बीएमएस, किती करंट आला आणि किती गेला याची वही ठेवतं, आणि त्या वहीत रोज थोडी थोडी चूक साठते. पूर्ण चार्ज झाल्यावरच हिशोब जुळतो. म्हणून एलएफपीवाल्यांनी अधूनमधून, आठवड्यातून एकदा म्हणा, पूर्ण १०० टक्के चार्ज करावी. नाहीतर स्क्रीनवर १८ टक्के दिसत असताना गाडी भर चौकात बंद पडायची.

तिसरा प्रकार शिसे-आम्लाच्या जुन्या बॅटरीचा. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, आरटीओचा नंबर न लागणाऱ्या स्वस्त गाड्यांत ती अजून दिसते. तिचं चार्जिंगचं गणित उलटं. ती अर्धवट उतरलेली ठेवली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, म्हणून ती भरलेलीच ठेवावी लागते. तशी गाडी वापरणारे शेजारचे काका ‘बॅटरी कायम फुल ठेवायची बघ’ असं सांगतात ते स्वानुभवाने, पण तो अनुभव तुमच्या बॅटरीचा नसतो. आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे हे माहितीपुस्तिकेत बघणं हे खरं पहिलं सर्व्हिसिंग.

बॅटरी एकच दिसते, आत मात्र सेलची रांग असते. एनएमसीचे १४ सेल एकापुढे एक जोडले की पूर्ण चार्जला १४ गुणिले ४.२, म्हणजे ५८.८ व्होल्ट. रांगेतला एक जरी सेल कमजोर पडला तरी तो खालच्या मर्यादेला आधी पोचतो आणि बीएमएस सगळी बॅटरीच बंद करतं. बाकीच्या तेरांमध्ये चार्ज शिल्लक असला तरी. सेल एका पातळीवर आणायचं काम बीएमएस स्वतः करतं, बऱ्याच गाड्यांत चार्जिंगच्या अगदी शेवटी, जास्त भरलेल्या सेलचा थोडा करंट जिरवून. हे काम संथ चालतं. सर्व्हिसिंगला गाडी दिली की ‘वॉशिंग नीट करा’ सांगण्यापेक्षा ‘प्रत्येक सेलचा व्होल्टेज दाखवा’ असं सांगावं. लॅपटॉप जोडला की तो यादीसारखा दिसतो. आकडे जवळजवळ सारखे असले तर ठीक. एखादा सेल दर वेळी इतरांपेक्षा मागे पडत असेल तर वॉरंटी संपायच्या आत तक्रार नोंदवावी, आणि ती लेखी.

सुट्टीला महिना-दोन महिने गावी जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बंद गाडीसुद्धा थोडी वीज खातेच. बीएमएस, ट्रॅकर, लॉक जागे असतात. ५ टक्क्यांवर सोडून गेलात तर बॅटरी पार तळाला जाते. तिथे ग्रॅफाइटमागचा तांब्याचा पत्राच विरघळायला लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं आत नको तिथे जमून शॉर्टसर्किट होऊ शकतं. लिथियमची बॅटरी निम्मी भरून, गाडी सावलीत ठेवून जावं.

आता वायरींकडे. ५० व्होल्टच्या गाडीने चढावर अडीच किलोवॅट खेचले तर करंट होतो ५० अँपिअर. एखाद्या कनेक्टरची पिन सैल झाली, तिच्यावर हिरवट गंज चढला आणि रोध जेमतेम ०.०१ ओहम वाढला, तरी करंटचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने तिथे २५ वॅट उष्णता तयार होते. दुकानात मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचीच असते! म्हणजे कनेक्टरच्या प्लास्टिकला आतून टेकवलेली सोल्डरिंग आयर्न. तपकिरी डाग, वितळलेली कड किंवा जळका वास आला तर गाडी पुढे दामटू नये. घरच्या सॉकेटचंही तेच. चार्जर तसा मोठा लोड नाही, पण चार-पाच तास सलग चालतो, आणि सैल सॉकेट तेवढ्यात तापून काळं पडतं. गॅलरीतून खाली सोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावं.

पावसाबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत: गाडी भिजली की संपली म्हणणारे, आणि आयपी६७ आहे म्हणून पुराच्या पाण्यात घालणारे. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवली तरी चालते. ही चाचणी स्थिर पाण्यातली असते. प्रेशर वॉशरचा फवारा कनेक्टरवर जवळून मारणं हा वेगळाच मामला. रबरी सीलही काही वर्षांनी कडक होतात. सांगली-कोल्हापूरसारख्या पुरात गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर ‘चालते का बघू’ म्हणून चार्जर लावू नये. आत शिरलेला गाळ आणि ओल काही दिवसांनीही शॉर्ट करू शकतात. गाडी घरापासून दूर, उघड्यावर ठेवून कंपनीला कळवावं. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर स्कूटरी पेटल्याच्या घटना घडल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ मानक कडक करण्यात आलं. पण मानक नव्या बॅटरीची परीक्षा घेतं, बुडून निघालेल्या बॅटरीची नाही.

ब्रेकमध्ये एक गंमत आहे. ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच जनित्र होऊन गाडीचा वेग कमी करते आणि वीज परत बॅटरीत जाते. त्यामुळे ब्रेक पॅड कमी झिजतात. मात्र पाचगणीला बॅटरी फुल करून पसरणी घाटाने वाईला उतरायला लागलात, तर भरलेल्या बॅटरीत वीज घालायला जागाच नसते; मोटरची रोजची मागे धरणारी ओढ लागत नाही आणि सगळा भार डिस्क ब्रेकवर पडतो. अशा वेळी जुनं ब्रेक ऑइल दगा देतं. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल्या ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो. गाडी कमी चालवली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं.

पंक्चरवाल्याकडे मात्र उभं राहावं. मागच्या चाकातच मोटर असेल तर चाकाच्या ॲक्सलमधून तीन जाड आणि सहसा पाच बारीक वायरी बाहेर येतात. बारीक वायरी हॉल सेन्सरच्या. मोटरचा चुंबक या क्षणी कुठे आहे ते या वायरी कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटला, सांगतात. चाक काढताना वायर पिळली गेली की गाडी सुरुवातीलाच हिसके देते, खडखडते, पण एकदा ढकलून वेग घेतला की बऱ्याचदा नीट चालते. हे लक्षण ऐकून काही ठिकाणी सरळ नवी मोटर टाकायला सांगतात. होकार द्यायच्या आधी त्या पाच वायरी आणि त्यांचा कनेक्टर मीटर लावून बघितला का, एवढं विचारून घ्यावं.