भागीदारी सोडली म्हणजे फक्त घातलेले पैसे परत?

वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंत काजूचा कारखाना असो की ट्रॉलर, भागीदारी फिसकटली की कोणीतरी हमखास सांगतो, "बाहेर पडतोयस ना, मग घातलेलं भांडवल घे आणि गप बस." हे चूक आहे.

१९३२ चा भागीदारी कायदा बघा, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर फर्मच्या मालमत्तेत गुडविलही (धंद्याने कमावलेलं नाव आणि पत) धरतात. कलम ३७ तर भारीच आहे, हिशोब न मिटवता बाकीच्यांनी धंदा चालूच ठेवला तर जाणाऱ्याला चॉईस मिळतो, त्याच्या वाट्याच्या जोरावर पुढे झालेल्या नफ्यातला हिस्सा घ्या नाहीतर त्या वाट्यावर वर्षाला ६ टक्के व्याज. आता काजूचा सीझन बरा गेला असेल तर व्याज कोण घेईल? म्हणूनच उरलेले पार्टनर हिशोबाच्या वह्या दाखवायला कां-कू करतात.

"फर्म रजिस्टर नाही, कोर्टात जाताच येणार नाही" हीसुद्धा थाप. महाराष्ट्राने तशी आडकाठी घातली होती खरी, पण सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये ती रद्द केली. फक्त फर्मचं विसर्जन झालं, म्हणजे भागीदारी पूर्ण मोडली, की हिशोबाचा दावा ३ वर्षांत लावा, आणि नुसते निवृत्त होत असाल तर जाहीर नोटीस द्याच, नाहीतर फर्मच्या नव्या देण्यासाठीही लोक तुमचंच दार ठोठावतील.