सहा नाणी की आठ?

गेल्या पावसाळ्यात एका ऑनलाइन मीटिंगमध्ये मी भराभर मुद्दे टिपून घेत होतो. पुण्याच्या सहकाऱ्याने मध्येच विचारलं, "ठाण्यात गारा पडतायत का रे?" मी माइक बंद करेपर्यंत आतून बायकोचं उत्तर जाऊन पोचलं होतं. "गारा नाहीत, लाह्या फुटतायत. रोज फुटतात."

लाह्या म्हणजे माझा नवा मेकॅनिकल कीबोर्ड, प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, त्यातही 'ब्लू' स्विचचा. नौपाड्यातलं आमचं घर जुन्या इमारतीत, दोन खोल्यांचं. शेजारी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही आम्हाला इकडे मोजता येतं. तिथे हा कटकट्या फार दिवस नांदणार नव्हताच. पण त्याच्या जागी कुठला, हा प्रश्न वाटला तितका सरळ निघाला नाही. दुकानदाराकडे एक ठरलेलं सूत्र असतं: गेम खेळायला रेड, टायपिंगला ब्लू, दोन्ही करायचं असेल तर ब्राऊन. मला हे 'उंच माणसाने भात खावा, बुटक्याने पोळी' या थाटाचं वाटतं. माझा कीबोर्ड हॉट-स्वॅप जातीचा आहे, म्हणजे स्विच चिमट्याने उपटून दुसरे बसवता येतात, सोल्डरिंग करावं लागत नाही. म्हणून तिन्ही रंगांचे थोडे थोडे स्विच मागवले आणि सूत्र बाजूला ठेवून उलगडायला बसलो.

एक स्विच उघडला तर आत मोजकाच संसार. वर-खाली प्लॅस्टिकचं कवच, मधून खालीवर होणारा दांडा, त्याच्याखाली बोटाच्या पेराहून लहान स्प्रिंग आणि कडेला धातूच्या दोन पातळ पट्ट्या. दांड्याला बाजूने एक पाय असतो. तो एका पट्टीला दुसरीपासून लांब धरून ठेवतो. बटण दाबलं की पाय खाली सरकतो, पट्टी मोकळी होऊन दुसरीला टेकते, वीज वाहते आणि अक्षर उमटतं. या पायाचा उतार सरळ असेल तर बटण गुळगुळीत खाली जातं, तो लिनिअर स्विच, म्हणजे रेड. उतारावर उंचवटा असेल तर वाटेत बोटाला अडखळ लागते, तो टॅक्टाइल, म्हणजे ब्राऊन. आणि दांड्यावर एक सुटी टोपी बसवली, जी अडखळ ओलांडताच खाली आपटते, तर झाला क्लिकी, म्हणजे ब्लू. लाह्या फुटतात त्या या टोपीच्या.

हा साचा चेरी कंपनीच्या 'एमएक्स' स्विचचा, १९८०च्या दशकातला. रंगांची भाषाही तिथलीच. पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, कैल अशा चिनी कंपन्यांनी तोच साचा उचलला आणि स्विच स्वस्त झाले, म्हणून तर आज माझ्यासारखा माणूस ते मूठभर मागवू शकतो. चेरीच्या नेहमीच्या स्विचचा दांडा एकूण ४ मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटतं. त्यासाठी लागणारा जोर रेडला ४५ सेंटीन्यूटन, ब्राऊनला ५५, ब्लूला ६०. सेंटीन्यूटन म्हणजे जवळजवळ एका ग्रॅमचं वजन, एवढं धरून चाललं तरी भागतं.

पण ४५ आणि ६० हे आकडे वाचून बोटाला काही कळत नाही. म्हणून एका रविवारी सकाळी देवघरातल्या डब्यातली दहा रुपयांची नाणी काढली. एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं. सहा नाणी म्हणजे ४६ ग्रॅम, रेडचा आकडा. आठ म्हणजे जवळजवळ ६२ ग्रॅम, ब्लूचा आकडा. टांकसाळीने जणू कीबोर्डवाल्यांना विचारूनच नाणं पाडलंय! फक्त एक अडचण होती. नाणं २७ मिलिमीटर रुंद, बटणाचा माथा त्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे नाणं शेजारच्या बटणांवर टेकतं. यावर उपाय म्हणून मुलीच्या कंपासमधल्या खोडरबराचा छोटा तुकडा 'क'च्या बटणावर ठेवला आणि त्यावर एकेक नाणं रचत गेलो.

आधी रेड. चार नाण्यांपर्यंत काहीच नाही, कारण स्प्रिंग बसवतानाच थोडी दाबलेली असते. पाचव्याला बटण जेमतेम खचलं. सहाव्याला आणखी खचलं आणि पडद्यावर 'क' आला. मी नाणी उचलेपर्यंत अख्खी ओळ ककारांनी भरली, कारण बटण अर्ध्या वाटेवर तरंगत होतं, दाबलेलंच होतं. स्प्रिंगचा हा सरळ हिशेब शाळेत हूकचा नियम म्हणून शिकवतात: जितकं दाबाल तितकी ती परत ढकलते.

मग ब्लू. सहा, सात, बटण किंचित दबून हट्टाने उभं. आठवं नाणं ठेवलं मात्र, कट्! सगळी चळत एकदम खाली, आणि दोन नाणी घरंगळत कपाटाखाली गेली. पुढच्या बटणाला नऊ नाणी लागली. एकाच पाकिटातले स्विचही थोडे कमीजास्त निघतात, हे त्यात कळलं.

नाण्यांच्या या दोन चळतींमध्ये सगळा वाद सामावलेला आहे. रेडमध्ये जोर सारखा वाढत जातो. ब्लू आणि ब्राऊनमध्ये तो वाढतो, एका शिखराला पोचतो आणि तिथून अचानक उतरतो. शिखर ओलांडलं की तेच वजन जास्तीचं ठरतं आणि बटण हातातून निसटल्यासारखं खाली जातं. फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून तळहाताने दाबून बघा. ती बराच वेळ ताठ राहते आणि एका क्षणी एकदम बाकते. ती नेमकी कुठल्या वजनाला बाकेल याचं गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडलं. १९८५च्या आयबीएमच्या 'मॉडेल एम' कीबोर्डमध्ये हेच तत्त्व उघडउघड वापरलंय: प्रत्येक बटणाखाली उभी स्प्रिंग, ती बाकली की खालच्या इवल्याशा हातोडीला हिसका बसतो. आणि ऑफिसात मिळतो तो स्वस्तातला कीबोर्ड? त्याच्या बटणाखाली रबराची वाटी असते. तीही ताठ राहून मग कोसळतेच. फरक एवढाच की तिथे अक्षर वाटी पूर्ण बसल्यावर, तळाला उमटतं. मेकॅनिकलमध्ये ते निम्म्या वाटेत उमटून गेलेलं असतं आणि तरीही आपण सवयीने बटण तळापर्यंत हाणतो. मला आधी आवाजाचं सगळं पाप त्या टोपीचं वाटत होतं, पण रेडमध्ये टोपीच नाही, तरी तो मुका नसतो. दांडा तळाला आपटतो तो ठप्प आवाज तिथेही येतोच.

आता हे दहा-पंधरा ग्रॅमचे फरक बोटाला कळतात कसे? बोटाच्या टोकाला त्वचेत स्पर्शाची वेगवेगळी टोकं असतात. मर्केलची टोकं सततचा दाब सांगतात, माइस्नरची हलकी फडफड आणि निसटणं टिपतात, आणि खोलवरची पॅसिनीची टोकं दर सेकंदाला दोन-तीनशे कंपनांच्या थरथरीला सर्वांत हळवी असतात. ब्लूचा खटका ही एकाच वेळी निसटण्याची आणि थरथरीची बातमी आहे.

आणि कानाचीही. हे मला उशिरा पटलं. फिनलंडच्या व्हेइको युसमाकी आणि रीटा हारी यांनी १९९८ साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला तळहात एकमेकांवर घासायला सांगायचे आणि त्या घासण्याचाच आवाज हेडफोनमधून त्याला ऐकवायचा, मात्र त्यातले तीव्र सूर वाढवून. लोकांना आपले हात कागदासारखे कोरडे वाटायला लागले. हात तेच होते. मी घरी ब्राऊन लावून कानात मोठ्याने तानपुरा लावला आणि टाइप करत बसलो, तर तीच अडखळ मला गिळगिळीत, अर्धवट वाटली. तेव्हापासून 'या स्विचचा फील मस्त आहे' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, टेबल कसलं आहे? पोकळ लाकडी टेबलावर आणि जाड कापडावर तोच कीबोर्ड दोन वेगळ्या जातींचा होतो.

तरी हे सगळं मोजूनही आवडीचं कोडं सुटत नव्हतं. ते सुटलं बाबांमुळे.

बाबांनी बरीच वर्षं कोर्ट-कचेऱ्यांची कामं टाइप केली, गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर. १९५५ पासून गोदरेज ही यंत्रं बनवत होतं आणि बाबांच्या पिढीच्या बोटांना त्यांनीच वळण लावलं. आता ते माझ्या लॅपटॉपवर पत्रं लिहायला बसतात आणि वैतागतात. "अरे, दाबलं की नाही दाबलं कळतच नाही. पाटावर बोटं आपटल्यासारखं वाटतं." लॅपटॉपचं बटण जेमतेम दीड मिलिमीटर जातं. टाइपरायटरवर मुळात दाबायचंच नसतं. बोट कळीला हिसका देतं, अक्षराची दांडी कागदाकडे भिरकावली जाते आणि पुढचं काम तिचा वेग करतो. क्लासमध्ये मास्तर सांगायचे, मारा आणि सोडा.

मी रेडचा कीबोर्ड पुढे केला. दोन ओळींत पन्नास चुका. बोटं बटणावर नुसती टेकली तरी अक्षर उमटत होतं. हा बोटांचा दोष नाही. मिनिटाला ४० इंग्रजी शब्दांची परीक्षा घ्या. शब्दाला पाच ठोके धरले तर मिनिटाला २००, म्हणजे एका ठोक्याला ३०० मिलिसेकंद. बाबा त्याहून वेगवान होते. एवढ्या घाईत एक बटण कसं लागलं ते बघून पुढचं ठरवायला मेंदू थांबत नाही, पुढचं बोट आधीच निघालेलं असतं. म्हणजे प्रत्येक बोट किती जोर लागेल याचा अंदाज बांधूनच खाली येतं, आणि तो अंदाज वर्षानुवर्षांच्या सरावाने पक्का झालेला असतो. भरलेली समजून रिकामी कळशी उचलली की हात कसा उडतो, तसं बाबांचं दर अक्षराला होत होतं. आपल्याला स्विच 'आवडतो' म्हणजे बऱ्याचदा तो या जुन्या अंदाजाशी जुळतो. मी रबराच्या वाटीवर शिकलो, म्हणून मला अडखळ हवीशी वाटते. माझी भाची आठव्या वर्षापासून टचस्क्रीनवर टाइप करते, तिला रेडसुद्धा जड वाटतो.

जोराचा बाऊही लोक उगाच करतात. रेडचं बटण तळापर्यंत दाबायला सरासरी ४५ सेंटीन्यूटन आणि ४ मिलिमीटर धरा. दिवसाला दहा हजार अक्षरांची मेहनत भरते १८ ज्यूल. एक किलो कांद्याची पिशवी जमिनीवरून उचलून फळीवर ठेवली तर तेवढीच. बोटं दमतात ती कांदे उचलून नव्हे. मनगट हवेत धरून ठेवल्याने आणि तळाला आपटल्याने दमतात, असं माझं मत.

मध्ये एक विघ्न आलं. ऑगस्टच्या दमटपणात माझ्या एका जुन्या स्विचला दुहेरी अक्षराचा रोग जडला, 'नमस्कार'चं 'नमस्ककार' व्हायला लागलं. धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकताना क्षणभर उडतात. चेंडू जमिनीवर टप्पे खातो तशा, फक्त काही हजारांश सेकंद. कीबोर्डमधली चिप तेवढा वेळ थांबून मगच अक्षर मोजते. पट्ट्यांवर मळ बसला की उड्या लांबतात आणि चिप फसते. टेकण्याच्या जागी सोन्याचा मिश्रधातू वापरतात तो यासाठीच, सोनं गंजत नाही. हल्लीच्या चुंबकी स्विचमध्ये पट्ट्याच नसतात. दांड्यात चुंबक असतो आणि तो किती जवळ आला हे एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावरून ओळखतात. पण माझा कीबोर्ड ते स्विच घेत नाही. मी 'क'चा स्विच उपटून फेकला आणि दुसरा बसवला.

या उचकापाचकीत एक गंमत दिसली. मी इनस्क्रिप्टमध्ये लिहितो, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीत. तिथे स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी 'डी'च्या जागी हलन्त, 'ई'च्या जागी काना. माझ्या की-कॅप, म्हणजे बटणांचे माथे, एबीएस नावाच्या प्लॅस्टिकच्या आहेत, घासून चकचकीत होणाऱ्या. त्यात हीच दोन बटणं आरशासारखी झाली आहेत. मराठीत जोडाक्षरांची वर्दळ किती, ते इतक्या लख्ख मी आधी पाहिलं नव्हतं. मी तिथे रेड बसवले, बाकी सगळीकडे ब्राऊन. डाव्या मधल्या बोटाची कुरकुर थांबली.

बाबांना हा खिचडी कीबोर्ड चालला. ब्राऊनची अडखळ त्यांच्या बोटांना सापडली, चुका कमी झाल्या. एक अख्खं पत्र लिहून झाल्यावर म्हणाले, "बरा आहे. पण ओळ संपताना घंटा वाजत नाही." टाइपरायटरवर समास जवळ आला की टिण् व्हायचं, ते त्यांना हवं होतं. घंटा मी कुठून आणणार? रात्री एंटरचा ब्राऊन काढून तिथे पाकिटात उरलेला एक ब्लू बसवला.

सकाळी बाहेरून कट् आवाज आला, मग बऱ्याच वेळाने पुन्हा कट्. बायको चहा गाळत होती. म्हणाली, "एवढी एक लाही चालेल."