‘पात्र’ या शब्दाभोवती घडलेले काम: मुंबईतील घरहक्क चळवळीची पार्श्वभूमी

मुंबईत घरहक्क आणि वस्तीविकासाच्या कामाला आयुष्य देणाऱ्यांची परंपरा सांगताना काही जण प्लेगनंतरच्या सुधार योजनांपर्यंत, तर काही जण १९३६ साली नागपाड्यात सुरू झालेल्या समाजकार्याच्या शिक्षणापर्यंत मागे जातात. आज हे काम ज्या स्वरूपात चालते, ते मात्र १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतर घडले. गणनेने झोपडीला क्रमांक आणि कुटुंबाला फोटोपास, म्हणजे छायाचित्र असलेले ओळखपत्र, दिला, आणि मोर्चाचा फलक धरणाऱ्या कार्यकर्त्याच्या दुसऱ्या हातात कागदपत्रांची फाईल आली.

१९८१ च्या पावसाळ्यात पदपथवासीयांना हटवण्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यात आली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. या वाक्याचा गौरव नेहमी होतो, परंतु त्याच निकालाने हटवण्याची मुभाही कायम ठेवली आणि मालाडच्या मालवणीतील पर्यायी जागा १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांपुरती सांगितली, याचा उल्लेख फारसा होत नाही. नोंद असलेला आणि नसलेला हा भेद तेथे पक्का झाला.

१९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने या भेदाला ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ही नावे दिली. १ जानेवारी १९९५ पूर्वीपासून राहणाऱ्यास २२५ चौरस फुटांचे मोफत घर मिळणार होते. पुढे ही तारीख १ जानेवारी २००० झाली, तर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांसाठी सशुल्क घराची तरतूद आली. तारीख नसेल तर अतिक्रमणांना अंत राहणार नाही, हे शासनाचे म्हणणे अगदीच गैरलागू नाही. तरीही मराठीत पात्रता म्हणजे केवळ अटींची पूर्तता नव्हे. ‘सत्पात्री दान’ म्हणणाऱ्या भाषेत तो शब्द माणसाची लायकी ठरवतो. म्हणून भिंतीवर परिशिष्ट दोनची, म्हणजे पात्र-अपात्र ठरलेल्या रहिवाशांची यादी लागली की तिच्यावरून बोट फिरवत आलेली बाई आपल्या नावापुढचे ‘अपात्र’ वाचून पहिल्यांदा ‘आम्ही काय केलं?’ असे विचारते. अनेकदा मतदारयादीत आडनाव एका तऱ्हेने आणि वीजबिलावर दुसऱ्या तऱ्हेने छापलेले असते, एवढेच कारण असते. माळ्यावर भाड्याने राहणारे कुटुंब तर बहुधा यादीपर्यंत पोहोचतच नाही. जुनी बिले शोधणे, प्रतिज्ञापत्र करणे, अपील लिहिणे आणि सुनावणीला सोबत जाणे यांतच कार्यकर्त्याची वर्षे जातात. शहरनियोजनाचे शिक्षण घेऊन आलेल्या तरुणांना हे कारकुनी काम वाटते. माझ्या मते या क्षेत्राचा पाया तेच आहे.

घराचे क्षेत्रफळ पुढे २६९ आणि नंतर ३०० चौरस फूट झाले, पण इमारती कशा रचायच्या या प्रश्नाला तितके महत्त्व मिळाले नाही. गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे; खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि तेथील क्षयरोगाचा संबंध अभ्यासकांनी या कोंदट रचनेशी जोडला आहे. त्यामुळे शाश्वत वस्तीविकास हा शब्द येथे सौर दिव्यांपेक्षा उजेड, हवा आणि लिफ्टच्या देखभालखर्चाशी अधिक जोडला गेला. अलीकडे अनेक कार्यकर्ते चावी मिळाल्यानंतरच्या कामाकडे वळले आहेत: सोसायटीचे हिशेब, पाण्याची टाकी, कचऱ्याचे वर्गीकरण, आणि देखभालखर्चाचा हप्ता न परवडल्याने घर सोडून पुन्हा झोपडीत जाऊ पाहणाऱ्या कुटुंबाशी बोलणे. ते कुटुंब परत गेले, तर पुढच्या यादीत त्याची गणना अपात्रांतच होते.